गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातला चहा

२६ जून जवळ आला की आमच्या कार्यकर्त्यांची धावपळ सुरू होते. मंडप, बॅनर, प्रतिमेला हार, प्रमुख वक्त्यांचा शोध. राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो, त्यामुळे आता सरकारी कचेरीतही प्रतिमापूजन होते आणि ज्यांना आरक्षण हा शब्द ऐकूनच पोटात दुखते तेही त्या दिवशी हार घालून फोटो काढून घेतात. असो. भाषणे होतात ती बहुतेक एकाच साच्याची. १९०२ चे ५० टक्के आरक्षण, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, वसतिगृहे, राधानगरीचे धरण. हे सगळे खरे आहे आणि सांगितलेच पाहिजे. मग शेवटी श्रोते जरा कंटाळले असे दिसले, की वक्ता गंगाराम कांबळे यांच्या चहाची गोष्ट काढतो. लोक टाळ्या वाजवतात आणि आभारप्रदर्शन होते.

माझी तक्रार इथेच आहे. कायदे म्हणजे महत्त्वाचे काम आणि चहा म्हणजे तोंडी लावणे, असा आपला समज झाला आहे. मी स्वतः कायद्याचा माणूस आहे, काळा कोट घालून पोट भरतो, तरी मला वाटते की महाराजांचे चरित्र त्या चहापासून मागे आणि पुढे वाचले पाहिजे. तसे वाचले तर लक्षात येते की या राजाच्या आयुष्याला वळण लागले तेच मुळी एका लहानशा कृतीने, आणि ती कृती सन्मानाची नव्हती, अपमानाची होती.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात शिकले, नंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली शिकले, २ एप्रिल १८९४ ला राज्याधिकार हाती आला. वय अवघे १९ वर्षांचे. दुष्काळ आणि प्लेग यांनी पहिली वर्षे खाऊन टाकली. इथपर्यंतचे चरित्र कोणत्याही संस्थानिकाचे असू शकले असते.

मग १८९९ साल उजाडले. महाराज पंचगंगेवर स्नानाला जात असत आणि राजघराण्याचा भटजी मंत्र म्हणत असे. त्या दिवशी सोबत राजारामशास्त्री भागवत होते. हे शास्त्रीबुवा स्वतः ब्राह्मण, पण खरे बोलणारे. त्यांनी महाराजांच्या लक्षात आणून दिले की हा भटजी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे, म्हणजे छत्रपतींना शूद्र समजून वागवतो आहे. वाचकहो, घडले काय? कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. फक्त दुसऱ्या प्रकारचे मंत्र म्हटले गेले. पुरोहिताने जाब विचारल्यावरही माघार घेतली नाही, कारण त्याच्या मागे सगळी धर्मसत्ता उभी होती आणि पुढे टिळकांचा केसरीही त्याच बाजूने उभा राहिला. १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांची इनामे जप्त केली. गादीवर बसलेल्या माणसालाही नदीच्या काठावर त्याची पायरी दाखवून देता येते, हे त्यांनी अंगावर घेतलेले शिक्षण होते. राजकोट आणि धारवाडला हा विषय शिकवत नव्हते.

आपण बौद्धांना वेदोक्ताचे काय कौतुक? काहीच नाही. वेदच नाकारलेल्या माणसाला वेदोक्त काय आणि पुराणोक्त काय, सारखेच. महाराज मात्र त्या चौकटीत बराच काळ राहिले, आर्य समाजाला जवळ केले, १९२० मध्ये सदाशिवराव बेनाडीकरांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले. तो त्यांचा मार्ग होता, आपला नाही, आणि हे स्पष्ट सांगण्यात त्यांचा काही अवमान होत नाही. परंतु त्या अपमानातून त्यांनी जे काढले ते मराठ्यांपुरते ठेवले नाही. आपल्याला जे एका मंत्राने टोचले ते महार, मांग, चांभार, भंगी माणसाला दिवसातून किती वेळा टोचत असेल, हा हिशेब त्यांनी मांडला. पुष्कळ लोकांना अपमान होतो आणि ते स्वतःपुरती पायरी वर सरकवून घेऊन गप्प बसतात. महाराज गप्प बसले नाहीत.

२६ जुलै १९०२ चा जाहीरनामा निघाला तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी. त्याच्या आगेमागे वसतिगृहांची मालिका सुरू झाली. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी, जैनांसाठी, मग मुसलमान, लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. याविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे, मी थांबत नाही.

मला थांबायचे आहे ते १९१८ ते १९२० या तीन वर्षांपाशी. महाराजांनी काढलेल्या या काळातील हुकुमांची यादी वकिलाच्या नजरेने वाचली तर एक गोष्ट डोळ्यात भरते. महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे, ती पद्धत बंद. महार वतन खालसा, जमिनी रयताव्याने नावावर. १९१९ च्या आरंभी आरोग्य, शिक्षण, महसूल, न्याय खात्यांना आज्ञा, की अस्पृश्य माणूस दवाखान्यात, शाळेत, कचेरीत आला तर त्याला इतरांसारखेच आपुलकीने वागवावे. ज्या नोकराला हे जमणार नाही त्याने राजीनामा द्यावा, निवृत्तिवेतन मिळणार नाही. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, सरकारी इमारती यांत शिवाशिव पाळायची नाही, असाही हुकूम.

हे हुकूम कशाविषयी आहेत? पाणी कोणी कोठे प्यायचे. मुलाने कोणत्या चटईवर बसायचे. डॉक्टरने नाडी हात लावून पाहायची की लांबून. कारकुनाने कागद हातात घ्यायचा की जमिनीवर ठेवायला सांगायचा. राज्यकारभाराच्या पुस्तकांत या गोष्टी बसत नाहीत. तिथे महसूल असतो, फौज असते, तहनामे असतात. या राजाने मात्र निवृत्तिवेतनासारखी जबर गोष्ट नाडी पाहण्याच्या पद्धतीला बांधून टाकली. जातिव्यवस्था ग्रंथात असते हे खरे, पण ती जगते दिवसभरातल्या लहान कृतींवर. ओंजळीत वरून ओतलेल्या पाण्यावर, दुरून फेकलेल्या सुट्या पैशांवर, दाराबाहेर उलट्या घालून ठेवलेल्या कपावर. ज्याला ती मोडायची असेल त्याला तिथे, त्या कपापाशी जावे लागते.

आता गंगाराम कांबळे यांच्याकडे येतो.

गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. पागेत पाण्याचा हौद होता आणि त्या हौदाला अस्पृश्यांनी शिवायचे नाही, हा रिवाज होता. घोड्यांना त्यातले पाणी चाले, घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसाला चालत नसे. एके दिवशी गंगारामांनी त्या हौदातले पाणी घेतले. सवर्ण नोकरांनी त्यांना पकडून बेदम मारले. महाराज तेव्हा दिल्लीला गेलेले होते. परत आल्यावर सोनतळीच्या कॅम्पवर गंगाराम आपल्या लोकांसह त्यांच्यापुढे उभे राहिले आणि पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितले की आता नोकरी पुरे, स्वतःचा धंदा काढ, भांडवल मी देतो.

गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले सत्यसुधारक हॉटेल. हे नाव वाचून मला त्या माणसाची ओळख पटते. पोट भरायला हॉटेल काढले होते, नावात मात्र सत्यशोधक चळवळ आणली होती. जात लपवायची असती तर एखाद्या देवाचे नाव दिले असते आणि चार पैसे जास्त मिळाले असते. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण शहरातली गिऱ्हाइके येईनात. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार?

हे महाराजांच्या कानावर गेले. मग काय झाले ते कोल्हापुरात अजून घरोघर सांगतात. महाराजांचा खडखडा फिरायला निघाला की गंगारामांच्या दारात थांबे आणि महाराज चहा मागवत. नुसते स्वतः पीत नसत. सोबत जे कोणी असतील, मराठा सरदार असोत की ब्राह्मण अंमलदार, त्या सर्वांना त्याच चहाचा कप हातात घ्यावा लागे. कामासाठी, सहीसाठी मागे लागलेल्या माणसालाही तिथेच गाठायला सांगत. ज्याला सही पाहिजे त्याने आधी चहा घ्यावा. बिचाऱ्यांची काय अवस्था झाली असेल! घरी जाऊन किती जणांनी अंघोळ केली असेल कोण जाणे. पण भर रस्त्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत, छत्रपतींच्या शेजारी उभे राहून त्यांनी तो घोट घेतला होता आणि रस्त्यावरच्या माणसांनी ते पाहिले होते. हळूहळू गिऱ्हाइके यायला लागली.

ॲट्रॉसिटीच्या खटल्यांमुळे आपल्या कार्यकर्त्यांना कायद्यातला एक शब्दप्रयोग पाठ झाला आहे. जातीवरून केलेला अपमान लोकांच्या नजरेसमोर, सार्वजनिक ठिकाणी झाला पाहिजे, तर तो गुन्हा ठरतो. या अटीवर किती आरोपी सुटले ते आम्हा वकिलांना विचारा. मला नेहमी वाटते की महाराजांनी हीच अट उलट्या बाजूने वापरली. अपमान चारचौघांत झाला होता, म्हणून सन्मानही चारचौघांतच झाला पाहिजे. गंगारामांना राजवाड्यावर बोलावून शंभर रुपये आणि नवा फेटा दिला असता तर ते औदार्य झाले असते आणि हौद होता तसाच राहिला असता.

या संदर्भात दुसरा एक चहा आठवतो. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली काही प्रतिष्ठित मंडळी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. चहा पुढे आला. कोणी प्याले, कोणी कप नुसता हातात धरला. पुढे त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. शेवटी रानड्यांसारख्या सुधारकाग्रणीलाही प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि टिळकांचेही प्रायश्चित्त झाले. रानडे विद्वान होते, प्रामाणिक होते, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण चहा प्यायल्यानंतर लोक काय म्हणतील याच्या ओझ्याखाली ते वाकले. म्हणून एका कपाची गोष्ट किरकोळ समजू नका. एवढ्या मोठ्या माणसांचीही परीक्षा तिथेच झाली, आणि निकाल आपल्यापुढे आहे.

महाराजांनी प्रायश्चित्त घेतले नाही. उलट ते दुसऱ्या दिवशी पुन्हा चहाला गेले.

आमच्या धंद्याशी संबंधित एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९२० च्या सुमारास महाराजांनी काही अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. त्यावर मोठी ओरड झाली. यांचे शिक्षण ते काय, यांना कायदा काय कळणार, न्यायदानाचा दर्जा घसरेल. दर्जा हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, शंभर वर्षे झाली तरी त्याला निवृत्ती मिळालेली नाही. तोवर कोर्टात अस्पृश्य माणूस दिसे तो बहुधा बाहेर व्हरांड्यात, पुकारा होईपर्यंत उकिडवा बसलेला. आता त्याच्याच आळीतला माणूस आत उभा राहणार, न्यायाधीश त्याचे म्हणणे ऐकणार, समोरचा पक्ष त्याच्या हातून कागद घेणार. खटला जिंको की हरो, कागद हातातून हातात गेला हेच तिथे घडलेले मोठे काम होते. आम्ही महाराष्ट्रातले वकील आजही बार कौन्सिलच्या नोंदणीच्या दाखल्याला सनदच म्हणतो. माझी सनद भिंतीवर लावली तेव्हा माझ्या वडिलांनी तिच्याशेजारी बाबासाहेबांचा आणि शाहू महाराजांचा फोटो स्वतः खिळा ठोकून लावला. त्यांनी का लावला ते मी त्या वेळी विचारले नाही.

परमपूज्य बाबासाहेब आणि महाराज यांच्या भेटीविषयी आपण सगळे जाणतो. दत्तोबा पवार यांनी दोघांचा परिचय घडवला. पण महाराजांनी बाबासाहेबांना नुसते कोल्हापूरला बोलावणे धाडले नाही. ते स्वतः परळच्या चाळीत बाबासाहेबांच्या घरी गेले. चाळीचा तो जिना, ती दोन खोल्यांची जागा, गिरणीकामगारांची वस्ती, आणि तिथे येऊन बसलेले छत्रपती. बाबासाहेब तेव्हा अमेरिकेतून उच्च शिक्षण घेऊन आलेले, बडोद्यात नोकरीला गेले असताना राहायला जागा मिळाली नाही, शिपाई लांबून फायली टाकत, तो विषारी अनुभव ताजा होता. ज्या देशात एका संस्थानच्या कचेरीत फाईल हातात दिली जात नाही, त्याच देशात दुसरे संस्थान स्वतः जिना चढून येते. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक सुरू झाला, त्याला महाराजांनी २५०० रुपये दिले. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावची परिषद झाली. महाराज तिथे जातीने हजर राहिले आणि अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी मिळाला हे त्यांनी हजारो लोकांसमोर जाहीर केले. पुढाऱ्यावर शिक्का मारून देण्याऐवजी, ज्यांचा पुढारी त्यांच्यातूनच निघाला त्यांचे अभिनंदन करायला एक राजा आला होता. त्याच परिषदेने महाराजांचा जन्मदिवस सणासारखा साजरा करण्याचा ठराव केला. आपल्या २६ जूनच्या मंडपाची मुळे तिथे आहेत.

आता तरुण कार्यकर्ते मला विचारतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. वकीलसाहेब, राजाने चहा प्यायला म्हणून आम्ही किती दिवस टाळ्या वाजवायच्या? आज पुढारी वस्तीत येतात, आमच्या घरी जमिनीवर बसून जेवतात, कॅमेरे मागे असतात, ताट-पाणी कधीकधी बाहेरून आणलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीचा रस्ता तसाच. हीसुद्धा लहान कृतीच ना?

नाही. फरक कुठे आहे ते कागदावर दाखवता येते. जेवून गेलेल्या पुढाऱ्याच्या मागे हुकूम नसतो. महाराजांच्या चहामागे १९१९ चे हुकूम होते, आणि हुकुमांच्या पुढे चहा होता. नुसता हुकूम काढला असता तर तो दप्तरात पडून राहिला असता, जसे आपले कितीतरी शासननिर्णय पडून आहेत. नुसता चहा प्यायला असता तर लहरी राजाची गंमत म्हणून लोक विसरले असते. दोन्ही एकाच माणसाने, एकाच काळात, स्वतःच्या नोकरवर्गाचा रोष पत्करून केले. शिवाय तो एकदा फोटोसाठी गेला नाही, पुन्हा पुन्हा गेला. आणि कॅमेरा बोलावण्याऐवजी ज्यांना तो चहा घशाखाली उतरत नव्हता त्यांना बोलावले.

पण माझे खरे उत्तर वेगळे आहे. या गोष्टीत पहिली कृती महाराजांची नाहीच. ती गंगारामांची आहे. हौदात हात घालताना त्यांच्यामागे ना हुकूम होता ना राजा. राजा तर शेकडो कोस लांब दिल्लीत होता. एका तहानलेल्या माणसाने हात पुढे केला, बस्स. त्याची किंमत त्यांनी पाठीवर मोजली, आणि मग घरात तोंड लपवून न बसता सोनतळीपर्यंत जाऊन वळ दाखवले. नंतर जिथे मार खाल्ला त्याच शहरात पाटी लावून चहा विकायला बसले. गिऱ्हाईक येत नव्हते त्या दिवसांत रोज सकाळी चूल पेटवून दूध तापवायचे, कपबशा धुऊन मांडायच्या आणि संध्याकाळी दूध ओतून द्यायचे. हे राजाला करावे लागले नाही. महाराजांचे मोठेपण हे की त्यांनी या कृतीला ओळखले आणि तिच्या मागे आपली गादी उभी केली. पुढे २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा हजारो लोक त्यांच्यामागे होते. गंगाराम हौदापाशी एकटे होते.

भारतीय संविधानाचे कलम १५ उघडून पाहा. त्यात दुकाने आहेत, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले आहेत, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत. देशाच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात हॉटेल कशाला, असे एखाद्या परदेशी अभ्यासकाला वाटेल. आपल्याला वाटत नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, तो तर आणखी खाली उतरतो. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. भांडी! संसदेने कपबशीवर कायदा केला, कारण कपबशीत काय असते ते तो लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

वकिली सुरू केल्यावर पहिल्या काही वर्षांतले एक प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. गाव, कोर्ट, नावे सांगत नाही. एस. टी. थांब्यावरच्या हॉटेलात आमच्या समाजाच्या लोकांसाठी कप वेगळे होते, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेले. प्यायचे, धुवायचे, परत कोनाड्यात. मुंबईहून सुटीला आलेल्या एका पोराने गल्ल्यापुढचा, सगळ्यांसाठी असलेला कप उचलला. शब्दाने शब्द वाढला, पोराला मार बसला, सोडवायला गेलेल्या त्याच्या आईलाही ढकलले. गुन्हा नोंदला गेला मारहाणीचा आणि शिवीगाळीचा. नागरी हक्क कायद्याचे चौथे कलम पोलिसांनी दोषारोपपत्रात लावलेच नव्हते. साक्षीच्या वेळी आरोपीच्या वकिलाने त्या माउलीला विचारले की शिवी नेमकी कोणती दिली, कोणत्या शब्दांत, ऐकायला कोण होते. तिला शब्द सांगता येईनात. ती पुन्हा पुन्हा हाताने उंची दाखवून कोनाडा कुठे होता ते सांगत राहिली. कोर्टाने विचारल्याचे उत्तर द्या म्हणून समज दिली. कोनाड्याची नोंद झाली नाही. आरोपी सुटले. बाहेर आल्यावर मी तिला म्हटले, आई, अपील करू. ती म्हणाली, ते करा साहेब, पण त्या हॉटेलातले कप एकदा बघून या.

मी अपिलाच्या मागे लागलो. कप बघायला गेलो तो बराच उशिरा, तोवर हॉटेल मोडून तिथे मोबाईलचे दुकान झाले होते. कायदा शिकलेल्या माझ्यासारख्याला जे दुय्यम वाटले ते त्या आईला मुख्य वाटत होते, आणि बरोबर तीच होती. शाहू महाराज असते तर आधी हॉटेलात जाऊन चहा मागवला असता आणि सोबत फौजदाराला नेले असते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये महाराजांचे निधन झाले. ४८ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. बाबासाहेब तेव्हा परदेशात शिकत होते. शंभर वर्षांनी, ६ मे २०२२ ला, कोल्हापूर शहर १०० सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले. पुढारी, अधिकारी, रिक्षावाले, भाजीवाले सगळे. चांगले झाले.

परंतु त्या शहरात महाराजांचे पहिले स्मारक कोणी उभारले, हे त्या गर्दीतल्या कितीजणांना माहीत होते? सरदारांनी नाही, संस्थानच्या दरबारानेही नाही. १९२५ मध्ये, महाराज जाऊन तीन वर्षे होताच, नर्सरी बागेत ते स्मारक उभे केले गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांनी. सत्यसुधारक हॉटेलच्या मालकाने.